आवाज नंबर चारशे तेरा

मी, दिलीप शांताराम पाष्टे, वय ६३, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करणे, राहणार खांदेश्वर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "पाष्टे, न घाबरलेला माणूस माझ्याकडे येतच नाही."

परवा, शुक्रवारी, माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणार आहेत. मी हजारएक व्हॉल्व्ह बदलले, दर वेळी आधी पंप बंद करून. इथेही तसेच करणार म्हणतात. फरक एवढाच की परत चालू करताना बटणापाशी मी नसणार.

१. खांदेश्वरचा राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि ठेवी माझी एकुलती मुलगी वैदेही हिला, विनाअट. संगमेश्वरहून सतराव्या वर्षी आलो तेव्हा वर्कशॉपच्या बाकड्याखाली झोपत होतो. या फ्लॅटची चावी वैदेहीच्या आईच्या हातात दिली, तेव्हा तिने आत शिरून आधी नळ सोडून पाहिला.

२. सोसायटीच्या पंपरूमची माझ्याकडची चावी सेक्रेटरी आशुतोष कुलथे यांना परत. दोन नंबरचा पंप सहा महिने कण्हतो आहे. मी सभेत सांगितले, तर म्हणाले, "काका, हिरवी लाइट पेटतेय ना? मग टेन्शन कशाला घेता?" हे गृहस्थ या कागदावर साक्षीदार आहेत. साक्षीदाराने सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, म्हणून इथे लिहिले. तरी त्यांना हसायचा हक्क मला राहिलेला नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

३. माझा जुना भागीदार ताजुद्दीन तुंगेकर, राहणार उरण. द्रोणागिरीच्या एका गोदामातला पंप थरथरत होता. मी म्हणालो बेअरिंग, तो म्हणाला कपलिंग. मी गिऱ्हाइकासमोर बेअरिंग उघडले. ते ठणठणीत निघाले आणि ताजुद्दीन हसला. त्या हसण्यावरून मी भागीदारी मोडली आणि चौदा वर्षे बोललो नाही. ऑपरेशनची तारीख कळल्यावर त्याला फोन केला, तेव्हा एवढेच म्हणाला, "पुलर पाहिजे का तुझा?" बेअरिंग ओढून काढायचा माझा पुलर त्याच्याकडेच राहिला होता. तो आता त्याचाच. शिवाय माझा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, जो पंपाला टेकवून मी कानाला लावत आलो, तोही त्याला. त्याचा कान माझ्याहून तयार आहे. हे मी जिवंतपणी कबूल करणार नाही.

४. "पंप काय म्हणतो" ही माझी वेबसाइट. तिच्यावर बिघडलेल्या पंपांचे चारशे बारा आवाज आहेत. गावोगावचे मेकॅनिक ते ऐकून आपल्या पंपाचे दुखणे ओळखतात. प्रत्येक आवाजाआधी माझी बायको अरुणा बोलते. "आवाज नंबर एकशे सात. बेअरिंग गेलंय. आता ऐका." चव्वेचाळीस नंबरला मध्येच "अहो, आधी तो पंखा बंद करा" असेही आहे. ते मी काढले नाही.

अरुणा २०२२ साली गेली. मूळ रेकॉर्डिंग तिच्या फोनवर होते. वेबसाइटवर सगळे आहेच, म्हणून तो फोन मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. तेव्हापासून तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला.

वैदेहीने फोनवर एकेक ओळ सांगून माझ्याकडून बॅकअपची स्क्रिप्ट लिहून घेतली. रोज सकाळी सहाला वेबसाइटची नक्कल घरच्या डिस्कवर उतरायची आणि सात दिवसांपलीकडची जुनी नक्कल पुसली जायची. शेवटच्या ओळीत मी हट्टाने घंटी घालायला लावली. ती म्हणाली, "बाबा, घंटी वाजली म्हणजे कॉपी झाली असं नसतं हं. मधूनमधून फाइल उघडून बघत जा." मी म्हणालो, "आवाजातलं मला नको शिकवू."

गणपतीत मी वेबसाइटचा पासवर्ड बदलला. स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. घंटी रोज वाजत होती. गेल्या महिन्यात वेबसाइट दीड दिवस बंद पडली, तेव्हा पहिल्यांदा डिस्क उघडली. सात फाइली, सातही रिकाम्या. दीड दिवस मी जेवलो नाही. वेबसाइट आपोआप परत आली, म्हणून आज हे लिहितो आहे.

स्क्रिप्ट दुरुस्त केली. तीन आठवडे नवी नक्कल उतरते आहे. पण ती उघडून पाहायचा धीर मला झालेला नाही. उशीवर कान टेकला की छातीत ठक् होते आणि मागून फुस्स. फुस्स म्हणजे पाणी उलटे येते आहे, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळले होते. तेव्हाही कोणाला बोललो नाही. हाच माझा दोष आहे.

५. वेबसाइट आणि स्क्रिप्ट वैदेहीला. इथे मात्र अट आहे. दर महिन्याच्या एक तारखेला कोऱ्या कॉम्प्युटरवर नकलेतून वेबसाइट उभी करायची आणि कोणताही एक आवाज शेवटपर्यंत ऐकायचा. घंटीचा भरवसा धरायचा नाही. एक जादा नक्कल ताजुद्दीनच्या वर्कशॉपात राहील.

सहीपूर्वीची नोंद: आज दुपारी चार वाजता वैदेहीच्या कोऱ्या लॅपटॉपवर नक्कल उघडायला बसलो. माझे बोट दोनदा बटणापर्यंत जाऊन परत आले. उरणहून आलेला ताजुद्दीन म्हणाला, "दिल्या, सरक. कान तुझा, हात माझा." त्याने बटण दाबले. काही क्षण नुसती खरखर. मग, "आवाज नंबर एक. अहो, हे चालू झालंय का? बरं. आता ऐका." पंप संपेपर्यंत ऐकला. मग वैदेहीने एकेक करून सगळे तपासले. चारशे बारा भरले.

६. काल मी स्क्रू ड्रायव्हरचा दांडा छातीला लावून, मुठीला फोन धरून माझाच व्हॉल्व्ह रेकॉर्ड केला. तो आज, नक्कल तपासून झाल्यावर, वेबसाइटवर चढवला आहे, नंबर चारशे तेरा. त्याच्याआधी कोणाचाच आवाज नाही. तो वैदेहीने द्यावा. मी परत आलो तर म्हणावे, "व्हॉल्व्ह बदललाय, पंप चालू आहे." नाही आलो, तर बिघाड सांगत बसू नये. नंबर सांगावा आणि आईसारखेच म्हणावे, "आता ऐका."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली.

दिलीप शांताराम पाष्टे (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. आशुतोष कुलथे (सही)
२. डॉ. हादिया मुकादम (सही)

ठिकाण: खांदेश्वर, नवी मुंबई
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२५, बुधवार