चाळीस मिनिटं कुठे जातात

३ मार्च
लेकीची बाळंतपणाची तारीख वीस मे. मी एक मेला तिच्याजवळ. ठरलं. तिकीट उद्या. हे म्हणाले, आजच काढू. रिटायर झाल्यापासून यांना सगळ्याचीच घाई.

४ मार्च
तिकिटाआधी अंतर. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, नकाशा न बघता निघते ती मुलगी नव्हे, पार्सल. भूगोलात बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला. (दुसरं बक्षीस. पहिली आली तिचे वडील शाळेचे ट्रस्टी होते.) या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत शिवणाचा दोरा ताणला. तेरा हजार पन्नास किलोमीटर. ताशी नऊशेने साडेचौदा तास. चोख.

७ मार्च
वेबसाइटचं अंतर माझ्यापेक्षा बारा किलोमीटर कमी. त्यांनी दोरा जास्त ओढला असणार. वेळ मात्र पंधरा तास दहा मिनिटं. वरची चाळीस मिनिटं विमान करतं काय? ट्रॅव्हल एजंट बाईंना फोन. चढणं, उतरणं, वारा, असं काहीतरी म्हणाल्या. मोघम. लेखी मागितलं.

१९ मार्च
लेखी आलं नाही. शिवाय परतीला दीड तास कमी लागतो म्हणे. रस्ता तोच ना? हे म्हणाले, येताना वारा पाठीशी असतो. म्हटलं, मग जाताना पाठीशी असेल असा दिवस बघा. तोवर तिकीट थांबवलं.
भीती नाही. भित्र्या बायका वेगळ्या. माझी नणंद लिफ्टमध्येही डोळे मिटून घेते. मी आजवर विमानात बसले नाही, कारण प्रसंगच आला नाही. (तीन आले. तिन्ही वेळा सर्दी होती.)

८ एप्रिल
लेकीचा फोन. म्हणाली, दोरा पुरे झाला, आई, आता ये. तिला म्हटलं, पूर्वतयारी कशाशी खातात हे तुला कळायचं नाही.
शाळेच्या फाटकापर्यंत माझं बोट धरून यायची. तीनशे पावलं. रोज मोजायची आणि रोज चुकायची.

२२ एप्रिल
तिकीट आज नक्की. सकाळपासून सर्दी.

२३ एप्रिल
यांनी स्वतःचं तिकीट काढलं. म्हणाले, तुझंही काढतो, नुसतं हो म्हण. मी शिंकले. ज्यांना समोरचा साखरेचा डबा सापडत नाही, ते तेरा हजार किलोमीटरवरची मुलगी शोधणार. शोधा.

३० एप्रिल, संध्याकाळी ५
विमान उडालं. दोऱ्यावर टाचणी लावली आहे. तासाला दोन सेंटीमीटर. वाटेत यांच्यावर कुणाचं तरी लक्ष हवंच.

१ मे
टाचणी साडेसातला लेकीच्या गावात पोचली. टोचली, तर गावाला भोक पडलं. विमानाचा पत्ता नाही. चाळीस मिनिटं मी तिथे एकटीच.
नंतर यांचा फोन. म्हणे, जेवलो, झोपलो, उठलो तर पोचलो. अंतराबद्दल चकार शब्द नाही. मग लेकीने फोन घेतला. सर्दी कशी आहे विचारलं. म्हटलं, उतरतेय, वीसच्या आत येते. ती बरं म्हणाली. लहानपणी मी खाऊ उद्या म्हटलं की म्हणायची, तसंच.

२० मे
नात झाली. तीन किलो. यांनी फोटो पाठवला. नीट धरलंय बाळाला, डोक्याखाली हात देऊन. कुणी शिकवलं कोण जाणे.
दोरा पुन्हा लावून पाहिला. तेरा हजार पन्नासच.
सर्दी नाही आज. सकाळपासून शिंक यायची वाट बघतेय.