उजवी कूस

ता. ४ डिसें. १९३३, सोम.
विषमज्वर उतरला, पण अंगात काडीचं बळ नाही. दीड महिना खाटेवर. नवी पेठेतलं दुकान बंद, शिवणयंत्रावर चादर. घरात मात्र भेटायला येणाऱ्यांची रीघ. मजा येते. फक्त उजवा खुबा जळतो.

५ डिसें.
डॉ. आले. खुब्यावर लाल चट्टा, मधे रुपयाएवढं कातडं गेलेलं. डॉ.नी चट्ट्यावर बोट दाबलं. धड मांस दाबलं की पांढरं होतं, बोट काढलं की रंग परततो. हा लालच राहिला. हाडाखाली दबून रक्त पोचत नाही म्हणाले. जखम हाडाला भिडली तर जिवावर बेतेल. सौ. दाराआड रडली. मला मात्र हसू आलं. कारकुनांच्या विजारी बसायच्या जागीच विरतात, म्हणून जन्मभर टिंगल केली. आता शिंपीच विरला.

७ डिसें.
डॉ. म्हणतात, उजवी कूस बंद. कशी बंद? डावीकडे भिंत, उजवीकडे पाहुण्यांची खुर्ची. भिंतीकडे वळलो की आलेल्या माणसाला पाठ. खाट फिरवावी तर डोकं उत्तरेला. कुणी नसेल तेव्हा वळेन म्हटलं. पण कुणी नसतं कधी?

९ डिसें.
माळशिरसचा बिरू धनगर, जुनं गिऱ्हाईक, बंडी न्यायला आला. बंडी अर्धीच. सौ.नं माझी कर्मकथा सांगितली. खदाखदा हसला.
"मास्तर, आजारी मेंढरू एका कुशीवर ऱ्हायलं की कातडं जातंय. आमी घडीघडी उलटतो की. तुमी मेंढराच्या वर शाणे."
म्हटलं, पाहुण्यांना पाठ कशी करू?
"पावन्याला पाय हायत न्हवं? त्यो यील तिकडं."
माझ्यासकट खाट हातभर ओढली आणि बंडी न घेताच गेला.

१२ डिसें.
भिंत आणि खाट यांच्यात आता बोळ झालाय. दोन तास डावी कूस, दोन तास उताणा. भेटायला येईल त्यानं बोळात शिरून पाटावर बसायचं. आज जाडे सराफ अडकले, सौ.नं चहाचा कप वरून दिला. इतका हसलो की खुबा दुखला.

१७ डिसें.
उद्या व्याही येणार. सौ. धास्तावलीय. लग्नात पंगतीत दुसऱ्या रांगेला बसवलं म्हणून वर्षभर बोलले नव्हते. सोसावं लागणार आमच्या लेकीलाच. "उद्याच्या दिवस तरी पाठ नका दाखवू," म्हणाली.

१८ डिसें.
व्याही खुर्चीवरच बसले. बोळाकडे बघितलंसुद्धा नाही. माझे उताण्याचे दोन तास भरले. माकडहाड ठणकायला लागलं. सौ. डोळ्यांनी नको नको म्हणत होती. लेक डोळ्यांसमोर आली. तरी वळलो. व्याह्यांना पाठ.
खुब्यावरची पट्टी त्यांच्या समोरच असणार. मग खुर्ची सरकली. व्याही पागोटं काखेत धरून, पोट आत ओढून बोळात आले, पाटावर बसले.
"जागा अरुंद आहे तुमची," म्हणाले. आणि दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत. आज काय बरं वाटलं म्हणून सांगू.

२४ डिसें., रवि.
जखम हरभऱ्याएवढी उरलीय. उद्या डॉ. बघतील. बरी असेल तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी दुकान, आणि पहिली बिरूची बंडी.
सौ.ला धीर नाही. आजच पट्टी सोडली. मी भिंतीकडे तोंड करून. जखमेशेजारी तिनं बोट दाबलं, काढलं.
"परतला का रंग?"
ती वाकली, श्वास खुब्याला लागला.
"अगं, परतला का?"
"थांबा, पुन्हा दाबते." आवाजात हसू होतं. मला तरी तसंच ऐकू आलं.