बसवू सावकाश

अहो डॉक्टर,

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात माझी ती दाढ तडकली. चहाबरोबरचा टोस्ट चावताना टक् असा आवाज झाला. तिचं रूट कॅनल तुम्हीच केलं होतं. नंतर वर्षभर मी कॅपची आठवण करून देत राहिले आणि तुमचं एकच उत्तर होतं, "घरचंच माणूस आहेस, बसवू सावकाश." बाकीच्या पेशंटना मात्र बजावायचात, "कॅपशिवाय चावाल तर दाढ हातात येईल."

मी गाल धरून बसले होते, तेव्हा तुमच्या दवाखान्यातली असिस्टंट सांत्वनाला आली. माझ्यासमोर बसून तोंड उघडं टाकून रडली. तिच्या खालच्या दाढेवर नवीकोरी कॅप होती, पांढरी, महागातली. तिचं रूट कॅनल माझ्यानंतरचं.

तुमची बहीण माझ्या कानाशी लागली. "वहिनी, परकी असून बघा कशी रडतेय. तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही."

"दाढ दुखतेय, वन्सं," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. तडा मुळापर्यंत गेला असेल का, याचीच मला काळजी लागली होती. आज दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. गेलाय.

"वेळेवर कॅप बसली असती तर वाचली असती," ते म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, "डॉक्टरांना वेळच मिळाला नसेल."

"मिळाला होता," मी म्हणाले.

उद्या दाढ काढतील. तुमच्यावरचा दात मात्र मी ठेवणार आहे. तो चांगला शाबूत आहे.

तुमचं,
घरचंच माणूस