बारा लॉकेटं

ता. ६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. असं की, तू पाठवलेलं ऊर्जेचं लॉकेट पोचलं. माझी मान दुखते हे लक्षात ठेवलंस, फार बरं वाटलं. पण माझी नोकरी तुला ठाऊक आहे, किरणोत्सर्ग मोजायची. जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून लॉकेट यंत्राखाली धरलं, तर आकडा चढतच गेला. साहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

आतली काळसर पूड खनिजाची आहे. त्यात थोरियम असतं, निसर्गातलंच. चार दिवसांत काही होत नाही, घाबरू नकोस. पण छातीला चिकटून वर्षानुवर्षं बाळगायची ही वस्तू नव्हे. फायदा काही नाही, किरण मात्र फुकट. तूही गळ्यात घातलं असशील, तर लगेच काढ. फोडू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस. झाकणाच्या डब्यात घालून मागच्या खोलीत ठेव. आणखी कुणाला दिलंयस का?

लोभ ठेव, लॉकेट ठेवू नकोस.
तुझी,
चिमटी

ता. ११ जून

चि. चिमटीस अनेक आ.
पत्र वाचून डोकंच फिरलं. तीस वर्षं शिवणवर्ग चालवतेय, मला कुणी टोपी घालू शकत नाही. लॉकेट घातलं आणि खांदा दुखायचा थांबला, ते काय उगीच? त्याच आठवड्यात सुताराकडून मशीनचं टेबल उंच करून घेतलं, दिवसभर शिवत बसले, तरी कळ म्हणून आली नाही!

वर्गातल्या बाराही जणींना मीच आग्रहाने घ्यायला लावलं. बेकरीवाल्यांची सून तर पाच महिन्यांची पोटुशी, ती बाळंतपणाची भीती वाटली की मुठीत धरते, उशीखालीसुद्धा ठेवते. आता त्यांना काय तोंड दाखवू? तुझंच यंत्र बिघडलं असेल. नीट बघ.

रागावले आहे, तरी वेळेवर जेवत जा.
आत्या

ता. १५ जून

ती. आत्यास सा. न.
तीन यंत्रांवर बघितलं, तिन्ही एकच सांगतात. आणि तुझंच पत्र पुन्हा वाच, तुझा खांदा सुताराने बरा केलाय! सूनबाईंचं लॉकेट आजच्या आज काढून घे. आकड्यांचा कागद सोबत आहे, तो डॉक्टरांना दाखव. तू सांगितलंस म्हणून बाराजणींनी घातलं. तू सांगितलंस की काढतीलही. रविवारी डबा न्यायला येते.

मायेत कमी करू नकोस.
चिमटी

ता. १९ जून

चि. चिमटीस अनेक आ.
पत्र हातात पडलं तेव्हा वर्ग भरलेलाच होता. सगळ्यांना कात्र्या खाली ठेवायला लावल्या आणि सांगितलं, की मी चुकले, तुम्हाला भलतीच वस्तू गळ्यात घालायला लावली. तीस वर्षांत हे शब्द या तोंडून पहिल्यांदाच निघाले. एकेकीने लॉकेट काढून डब्यात टाकलं. एका आगाऊ पोरीने तेवढं विचारलं, की मग परवा उसवायला लावलेली कॉलरसुद्धा बरोबरच होती का!

सून मात्र रडायला लागली. तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरबाईंनी तुझा कागद दोनदा वाचला, तिला तपासलं आणि म्हणाल्या, की काळजीचं कारण दिसत नाही, पण काढलंत हे उत्तम केलंत. बाहेर आल्यावर सुनेने विचारलं, की आता भीती वाटली की काय धरून ठेवू? मी हात पुढे केला. बेकरीच्या दारापर्यंत तिने तो सोडला नाही. बोटं अजून दुखताहेत.

आशीर्वाद नेहमीचेच, आभार या वेळचे.
तुझी आत्या