उतारू म्हणून जाण्यापूर्वी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, अंतराळ प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मनही शाबूत आहे, फक्त जागेवर नाही. एक कलम लिहून झाले की उठते, घरभर फेऱ्या मारते आणि मग पुढचे लिहायला बसते. अक्षर कुठे तिरके झाले असेल तर त्याचे कारण एवढेच. कुणाचा दबाव समजू नये. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी पस्तिशीत केले होते, आणि त्यात ज्यांना काही द्यायचे होते ती बहुतेक माणसे आता राहिली नाहीत.

लिहिण्याचे निमित्त असे की, पुढच्या आठवड्यात मी एका खासगी कंपनीच्या यानातून वर जाणार आहे. काही मिनिटे अंगाचे वजन जाईल, खिडकीतून पृथ्वी दिसेल, आणि यान खाली येईल. मी अंतराळवीर म्हणून जात नाही. उतारू म्हणून जाते आहे. हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांनी पुढची कलमे सावकाश वाचावीत.

कलम पहिले. माझे राहते घर, आतल्या सामानासकट, चिऊला मिळावे. चिऊ माझ्या मैत्रिणीची मुलगी. मैत्रीण आणि मी एकाच तुकडीत निवडल्या गेलो, नऊ वर्षे एका खोलीत राहिलो, गरगर फिरवणाऱ्या त्याच यंत्रात आळीपाळीने ओकलो. उड्डाण माझे ठरले होते. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांना माझ्या हृदयाचा एक ठोका मधूनच चुकताना सापडला, आणि माझ्या जागी ती गेली. तिने वरचे सगळे काम चोख केले. परत येताना हवाई छत्री उघडली नाही. चिऊला त्या दिवशी शाळेतून आणायला मीच गेले होते. पुढे तिचे बाबा आणि ती वरच्या मजल्यावर राहायला आली, पण तिचे जेवण, अभ्यास आणि रुसवेफुगवे माझ्याकडेच झाले. तेव्हा या घरावर दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही चिऊचीच.

कलम तिसरे. माझ्या हत्यारांची पेटी जवळच्या तंत्रशाळेला द्यावी. प्रत्येक पान्याला आणि पेचकसाला दोरीचा फास बांधलेला आहे. वर गेल्यावर हातातली वस्तू तरंगत जाऊ नये म्हणून आम्हाला ही सवय लावली होती. वर जाणे राहून गेले, सवय मात्र गेली नाही. स्वयंपाकघरातल्या उलथन्यालाही फास आहे. शाळेने ते हसून सोडून द्यावे, पण दोऱ्या कापू नयेत.

कलम चौथे. माझ्या मैत्रिणीच्या अंत्यविधीला मला बाजूला घेऊन “तू नशीबवान” म्हणणाऱ्या सर्वांना काहीही मिळू नये. ते कोण, हे त्यांना ठाऊक आहे.

कलम पाचवे, ‘अंतराळवीर’ या शब्दाविषयी. चिऊ मोठी होऊन याच खासगी कंपनीत लागली. उतारूंना शिकवते, त्यांच्याबरोबर वर जाते, आणि खाली आल्यावर प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावून म्हणते, “अभिनंदन, अंतराळवीर!” पहिल्यांदा तो समारंभ पाहून परतताना मी गाडीतच तिला विचारले, “चार दिवसांचं शिक्षण आणि एक तिकीट. एवढ्यात अंतराळवीर?”

“मावशी, वर जातात ना ते? जीव मुठीत धरून जातात.”

“जीव मुठीत धरून लोक दाढ काढायलाही जातात. त्यांना कुणी दंतवीर म्हणत नाही.”

ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “आईला हा शब्द आवडायचा नाही, आठवतं ना? वीर म्हटलं की चिडायची. मी कामावर चाललेय, म्हणायची.”

“तिला चिडणं परवडत होतं. तिच्याकडे तो शब्द होता.”

चिऊने गाडी कडेला घेतली. “आणि तुझ्याकडे नाही, म्हणून तू तो कुणालाच मिळू द्यायची नाहीस?”

त्यानंतर बरेच महिने तिचा फोन आला की मी “कामात आहे” म्हणायचे. निवृत्त बाईला कसले काम, हे तिलाही कळत होते आणि मलाही.

माझे म्हणणे मी इथे नोंदवून ठेवते. तो शब्द उंचीचा नाही. वर ज्याच्या हाती काम आहे, आणि ज्याच्या हातावर दुसऱ्याचा जीव आहे, त्याचा तो आहे. बाकीचे उतारू. उतारू असण्यात कमीपणा नाही. मी जन्मभर बसने फिरले, मला कधी चालक म्हणवून घ्यावेसे वाटले नाही. इतके सरळ आहे हे. निदान ढब्बू वर जाऊन येईपर्यंत होते.

कलम सहावे. ढब्बू माझा धाकटा भाऊ. साठी उलटली तरी नाव तेच. फरशा आणि बेसिने विकून गब्बर झाला आणि एक दिवस मला न विचारता तिकीट काढून बसला. वर जाऊन आला तो बिल्ला लावूनच. भाजी आणायलाही बिल्ला. मी तोंडावर सांगितले, “ढब्बू, तू उतारू आहेस.”

“असू दे,” तो म्हणाला. “पण वरचा उतारू!”

नंतर एका दुपारी चिऊ न सांगता दारात उभी राहिली. त्या फेरीत तीच बरोबर होती. “मामा तुला काही बोलले नाहीत?” तिने विचारले, आणि मी आत घेण्याआधीच सांगू लागली. वजन गेले, सगळे पट्टे सोडून तरंगू लागले. एका आजीबाईंना उलटी झाली आणि ती घशातच अडकली. चिऊ दुसऱ्या टोकाला होती, मध्ये माणसेच माणसे तरंगत होती. ढब्बूने आजीबाईंचे तोंड वळवले, बोट घालून घसा मोकळा केला, स्वतःच्या बाहीने पुसले, त्यांना खुर्चीत बांधले आणि वजन परत येईपर्यंत त्यांचे डोके दोन्ही हातांत धरून ठेवले.

“मावशी, मामांनी खिडकीकडे पाहिलंच नाही,” चिऊ म्हणाली. “एकदासुद्धा.”

मी तशीच ढब्बूच्या दुकानात गेले. तो नळ पुसत बसला होता.

“कशी दिसते रे पृथ्वी?”

“निळी.”

“आणखी?”

“पांढरी पण. मधूनमधून.”

त्याने नळ खाली ठेवला. “ताई, बघायला सवड कुणाला होती?”

“मग लोकांना खरं का सांगत नाहीस?”

“काय सांगू? ती म्हातारी नातवंडांना सांगतेय, फार मजा आली म्हणून. मी कशाला तिची शोभा करू?” मग त्याने खणातून कंपनीचे पत्र काढले. आभार म्हणून त्याला आणखी एक जागा फुकट दिली होती. “तू जा. नीट बघ, आणि येऊन मला सगळं सांग. लोक फार खोलात शिरतात गं, मला उत्तरं सुचत नाहीत.”

मी नाही म्हटले. आठवडाभर नाही म्हणत राहिले. मग कंपनीच्या डॉक्टरकडे गेले. ठोका अजून चुकतो. “काही मिनिटांचा तर प्रश्न आहे,” म्हणत त्याने सही केली. ज्या ठोक्यापायी माझे आयुष्य खाली राहिले, तो उतारूला चालतो. मी त्याच्या खोलीबाहेर येऊन जिन्यात बसले. हसत होते की रडत, ते सांगता येणार नाही.

निवड झाली तेव्हा मिळालेला माझ्या तुकडीचा बिल्ला, जो मला कधी वर नेता आला नाही, तो ढब्बूला द्यावा. तो अंतराळवीर आहे असे मी म्हणत नाही. नाही असेही आता ठामपणे म्हणवत नाही. या ओळीवर मी चार वेळा उठले आहे.

कलम सातवे. मी परत आले नाही तर वर्तमानपत्रात माझ्या नावामागे ‘अंतराळवीर’ छापू नये. ‘उतारू’ छापावे. चिऊला वेगळे वाटले तर तिने ते मनात म्हणावे. मनावर माझा हुकूम चालत नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. वर काही बिघडले तर चिऊने आधी इतरांकडे पाहावे. माझे मी बघेन. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतले माणूस घाबरले, गुदमरले, तर मी खिडकीकडे पाठ फिरवीन. तेव्हा मला उतारू म्हणायचे की आणखी काही, याचा वाद कुणी घालू नये. पण ती खिडकी मला हवी आहे. पस्तिशीत हवी होती त्याहून जास्त हवी आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे ती सोडावी लागली तर मी काय सोडले हे कुणाला तरी ठाऊक असेल.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: उड्डाणाआधीचा शनिवार.
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची शिंपीणबाई. “माझ्यासमोर सही केली. उभ्यानेच केली.”

साक्षीदार दुसरे: माझे नेहमीचे डॉक्टर. “बाई पूर्ण शुद्धीत आहेत, हे मी तपासून लिहीत आहे. स्वस्थ आहेत असे मी लिहिणार नाही.”