खोटं बोलण्याचं दुसरं कारण

हॅरिस पार्क, सिडनी
ऑगस्ट २०२१

ती. आबांस,
नचिकेतचा साष्टांग नमस्कार.

तुमची दुसरी लस झाली आणि गुडघाही आता कुरकुर करत नाही, असं लीनाकडून कळलं. आम्ही लॉकडाऊनमध्ये आहोत, म्हणजे बरे आहोत. जावई गुन्हेगार ठरल्याचंही तिने सांगितलं असेलच. (दीड वर्षाची शिक्षा. अपिलापर्यंत जामीन आहे, हरलो तर आत.)

तुम्ही जन्मभर साताऱ्याच्या कोर्टात बेलिफाची नोकरी केलीत, पण ज्युरी काही पाहिली नसेल, म्हणून सांगतो. बारा साधी माणसं, लांब लांब बसवलेली, तोंडाला मास्क. चेहरे दिसेनात, तेव्हा मी चार दिवस त्यांच्या भुवया वाचत होतो. एका बाईंच्या भुवया माझ्या बाजूच्या आहेत असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. या बाराजणांचं एकमत व्हावं लागतं. मराठी माणसं असती तर मी आज सुटलो असतो. (आमचं मंडळ फुटलं ते अध्यक्षांचं भाषण नाटकाआधी की नाटकानंतर यावरून. मग लीनाने नवं मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष झाली, हे तुम्ही जाणताच.)

चोरी झाली ती या नव्या मंडळाच्या हॉलमध्ये. गेल्या ऑगस्टमध्ये कुणीतरी कुलूप फोडून स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर नेला. माझी गाडी त्या वेळी मागच्याच गल्लीत उभी असल्याचं कॅमेऱ्यात निघालं, आणि मी तर पोलिसांना सांगून बसलो होतो की घरी झोपलो होतो. न्यायाधीशांनी ज्युरीला समजावलं, की आरोपी खोटं बोलला असेल तर ते खोटं गुन्ह्याचा पुरावा धरता येईल. आमच्या वकीलबाई म्हणतात, अपील इथेच आहे. माणूस लाजेने किंवा भीतीनेही खोटं बोलतो, हे ज्युरीला सांगायचं राहून गेलं. मला याचं फार नवल वाटलं. आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट इथे बारा मोठ्या माणसांना कायद्याने सांगावी लागते. मंगळवारी व्हिडिओवर सुनावणी आहे. मला झोप लागत नाही, हेही सांगून टाकतो.

आईंना नमस्कार.

तुमचा,
नचिकेत

ता. क. “मग खोटं बोलण्याचं तुमचं दुसरं कारण काय होतं?” असं वकीलबाई मला रोज विचारतात. चोरीच्या रात्री मी पद्माकरकडे, म्हणजे जुन्या मंडळाच्या अध्यक्षांकडे, नाटकाच्या तालमीला होतो. त्यांचं घर त्याच मागच्या गल्लीत आहे. सात माणसं साक्ष देतील. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा लीना शेजारीच उभी होती. ती तुमचं ऐकते. तेवढं तुम्ही तिला फोनवर सांगाल का? तुरुंगाला मी इतका घाबरत नाही.

ता. क. २. पत्राचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला मी फोन शोधत होतो, तेवढ्यात लीनाने ते वाचलं. तुम्ही आता फोन करू नका. तिने स्वतःच वकीलबाईंना फोन लावला, तालमीला कोण कोण होतं ती सातही नावं माझ्याकडून लिहून घेतली आणि त्यांना कळवली. मग पेनाला टोपण लावत म्हणाली, “नचिकेत, चोरी केली असतीस तर एक वेळ समजून घेतलं असतं.”