भिंतीकडची बाजू

हॉपली, सप्टेंबरचा दुसरा मंगळवार, १६३६

तीर्थस्वरूप एव्हरार्डकाकांना पुतण्या ॲम्ब्रोज थर्ल्बीचा गुडघा टेकून नमस्कार. तुमच्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली असेल, आणि वैद्याने दारू बंद केली असली तरी तुम्ही केली नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे. डोरोथी ठीक आहे, मेंढ्या ठीक आहेत, मी शुक्रवारपर्यंत ठीक आहे.

शुक्रवारचं सांगायचं तर आधी गेल्या शनिवारचं सांगायला हवं. मी बाजारगल्लीतून भिंतीच्या कडेने येत होतो. (दुसऱ्या कडेला खाटकाचं गटार आहे, आणि वरच्या खिडक्यांतून काय काय ओततात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमची ती हिरवी टोपी इथे अजून कोणी विसरलेलं नाही.) समोरून जर्व्हेस पॉमफ्री आला, तोही भिंतीच्याच कडेने. मानाने धाकटा असेल त्याने गटाराकडे सरकायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्या दोघांत धाकटा कोण, हे तीस वर्षांत ठरलेलं नाही. त्याची जमीन मोठी आहे, पण चर्चमध्ये आमचं बाक त्याच्या बाकाच्या पुढे आहे. मी थांबलो. तोही थांबला. आमच्यात वीतभर अंतर होतं. मी आभाळाकडे बघत राहिलो, तो माझ्या बुटांकडे.

अर्धा तास गेला. पाऊस आला तरी कोणी हललं नाही. मासे विकणारी म्हातारी जोन टोपली टेकून बसली आणि म्हणाली, "अरे बाबांनो, एकाने तरी सरका की. या पाण्यात माझे मासे परत पोहायला लागतील." गल्ली खो खो हसली. ती हसली नसती तर मी सरकलोही असतो. (हे डोरोथीला सांगू नका.)

हसू ऐकून पॉमफ्री एकेरीवर आला. "सरक रे थर्ल्बी. खानदानी माणसाला वाट द्यावी. तुझा आजा दारोदार चरबीच्या मेणबत्त्या विकायचा." माझे आजोबा, काका! तुमचे जन्मदाते! चर्चमध्ये पेटवण्यापलीकडे ज्यांनी मेणबत्तीला हात लावला नसेल, त्यांच्याबद्दल हे बोलणं! मी म्हणालो, "खोटं बोलतोस तू." आणि हसणारे दोन पावलं मागे सरकले.

तुम्ही जाणताच. आपल्याकडे माणसाने शेजाऱ्याची मेंढी पळवावी, कुंपण हलवावं, ते एका पिंप बिअरवर मिटतं. पण चारचौघांत कोणाला खोटारडा म्हटलं की तो शब्द तलवारीशिवाय उतरत नाही. तो पांढरा पडला. मीही पडलो असणार, कारण जोनने मला बसायला टोपली पुढे केली.

सोमवारी त्याचा मेहुणा लिओनार्ड आव्हान घेऊन आला. अतिशय अदबीने वागला. बदकाची पाई दोनदा वाढून घेतली, मग दोरीने माझी तलवार मोजली. ती पॉमफ्रीच्या तलवारीपेक्षा चार बोटं आखूड निघाली. "आमचे दाजी म्हणतात, लांब तलवार तुम्हीच घ्या," तो म्हणाला. मी मानापायी नाही म्हणालो, आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत पस्तावलो. शुक्रवारी सकाळी, गिरणीमागचं कुरण. पॉमफ्री एका इटालियन उस्तादाकडे तीन वर्षं तलवार शिकलाय. मला वडिलांनी शिकवली, आणि वडील पुस्तकातून शिकले होते. त्या पुस्तकाची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे वार अडवायचा कसा हे आमच्या घराण्यात कोणालाच माहीत नाही.

डोरोथी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी बोलली. "अहो, तुम्ही चिखलात पाय टाकला असता तर मी बूट धुतले असते. आता मी काय धुऊ?" ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती माझा चांगला सदरा काढून इस्त्री करत बसली. लढाईसाठी की दफनासाठी, ते मी विचारलं नाही. काका, मला भीती वाटते. हे मी फक्त तुम्हाला लिहितो आहे.

पण घराण्याच्या नावाला माझ्या हातून बट्टा लागणार नाही, एवढी खात्री बाळगा.

तुमचा आज्ञाधारक,
ॲम्ब्रोज

ता. क. राजाचा कुलपरीक्षक या आठवड्यात तुमच्या गावी उतरला आहे असं कळलं. कोण खानदानी आणि कोण नाही, हे तोच लिहून देतो. आणि खानदानी माणसाने बिनखानदानी माणसाशी तलवारीने लढायचं नसतं, आव्हान आपोआप रद्द होतं. तुमच्या माळ्यावर आजोबांचे मेणबत्त्यांचे साचे अजून आहेत ना? त्यातले दोन, शक्यतो चरबी चिकटलेले, त्याला दाखवा, आपण बिनखानदानी असल्याचा कागद लिहून घ्या आणि गुरुवारच्या आत घोडेस्वाराबरोबर पाठवा. आजोबा मायाळू होते. ते समजून घेतील.

ता. क. दुसरा. थांबा, साचे दाखवू नका. डोरोथी आत्ताच जोनकडून मासे घेऊन आली. जोन सांगते की लिओनार्ड सकाळीच घोडा पिटाळत तुमच्या गावाकडे गेला, आणि जाताना कुलपरीक्षकाचा पत्ता विचारत होता. पॉमफ्रीचा आजा म्हणे न्हावी होता आणि जत्रेत दात उपटायचा. म्हणजे काका, पॉमफ्रीलाही सुटकाच हवी आहे. त्याचा कागद आधी निघाला तर बिनखानदानी तो ठरेल, आणि मी खानदानीही राहीन आणि अखंडही. तेव्हा अंगठा दुखत असला तरी साचे पोत्यात घालून कुलपरीक्षकाच्या दाराशी जाऊन बसा. बुधवारी संध्याकाळपर्यंत लिओनार्ड आत गेला नाही, तरच तुम्ही जा. लिओनार्ड दारात भेटलाच तर टोपी काढा, मागे सरका आणि म्हणा, "आधी तुम्ही." भिंतीकडची बाजूही त्यालाच द्या.